आधी दिवा, मग सुई

भिंगबाईंचा नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन नुसती मान हलवली, आणि भिंगबाईंनी त्यांना विचारलं, "नीट बघितलंत का?" डॉक्टर म्हणाले, बघितलं. "दुसऱ्या कुणाला दाखवलंत?" डॉक्टर बिचारे परत आत गेले. पुन्हा बाहेर येऊन त्यांनी पुन्हा मान हलवली, तेव्हा कुठे भिंगबाई भिंतीला टेकून रडायला बसल्या. हा किस्सा त्यांचा मुलगा लोकांना हसत हसत सांगतो, पण त्यात पदरचं काही नाही. असतं तर भिंगबाईंनी ते कधीच पकडलं असतं.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. गळ्यात काळ्या दोरीला कायम एक घडीचं भिंग लटकत असायचं, म्हणून भिंगबाई. साखर घरी आणली की आधी चिमूटभर जिभेवर ठेवायची, मग डबा भरायचा. शेजारीण वाटीभर भाजी घेऊन आली, तर ती का आली असेल याचा विचार भाजी संपेपर्यंत चालायचा. मुलगा लहानपणी पास झाल्याचं सांगत घरी आला, तेव्हा पायांत चपला सरकवून बाई शाळेत विचारायला गेल्या होत्या. मुलगा खरंच पास झाला होता. त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आता या स्वभावामुळे त्यांना असलं काम मिळालं की कामामुळे स्वभाव असा झाला, हे सांगणं अवघड आहे. एका संग्रहालयाच्या तळघरात त्या अंबर तपासायच्या. अंबर दिसतो दगडासारखा, पण तो दगड नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ, ओघळलेली, जमिनीत गाडली गेलेली आणि कडक होऊन बसलेली. राळ ओली असताना एखादी माशी तिच्यावर बसते आणि चिकटते. वरून राळेचा दुसरा ओघळ येतो आणि माशी जशीच्या तशी आत राहते, पायांवरच्या केसांसकट. अशा माशीवाल्या तुकड्यांना मागणी फार, आणि मागणी आली की लबाडी आलीच. कुणी प्लॅस्टिकमध्ये घरातलीच माशी बुडवून आणायचं. मुरलेले लबाड तर खरा अंबर मधोमध कापायचे, आत कोरून आजची माशी बसवायचे आणि दोन्ही भाग असे चिकटवायचे की सख्ख्या भावाला कळू नये.

भिंगबाईंना कळायचं. टेबलावर आलेल्या प्रत्येक तुकड्याकडे त्या उधारी मागायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशा बघायच्या. आधी तुकडा जांभळ्या दिव्याखाली धरायचा. खरा अंबर त्या उजेडात निळसर चमकतो, आणि कुठे डिंक लावलेला असेल तर तेवढीच रेघ वेगळी उठून दिसते. त्यातूनही शंका उरली तरच तापवलेली सुई टोचायची आणि वास घ्यायचा. खऱ्याला राळेचा वास येतो, खोट्याला जळक्या प्लॅस्टिकचा. पण सुई हा शेवटचा उपाय, कारण अंबर ठिसूळ असतो आणि सुईच्या धगीनं तडकू शकतो. कामावर नवं माणूस आलं की भिंगबाई त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायच्या, आधी दिवा, मग सुई. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला तर म्हणायचा की बाई झोपेतही हेच बडबडत असतील.

मुलानं लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा भिंगबाईंनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"दात करते."

"कुणाचे?"

"लोकांचे. दातांच्या डॉक्टरांकडून माप येतं, त्यावरून ही लॅबमध्ये दात बनवते."

"म्हणजे खोटे दात खऱ्यासारखे दिसतील असे बनवते."

"हो."

"आणि लोकांना कळत नाही."

"कळलं तर तिचं काम वाईट म्हणायचं ना, आई."

भिंगबाई कपाट आवरायला उठल्या. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आपण आयुष्यभर ज्या जातीच्या कारागिरांना पकडत आलो, त्यातलीच एक आता आपल्या स्वयंपाकघरात उभी राहणार, असं त्यांना वाटलं.

सूनबाई आली. कमी बोलणारी, बारीक बोटांची, नखं कापलेली. कामावरून आली की तिच्या कपड्यांना दात बनवायच्या मसाल्याचा एक उग्र वास यायचा. घरातलं सगळं करायची, उलट बोलायची नाही. हेच भिंगबाईंना खुपायचं. इतकं गुणी कुणी असतं का? कुठेतरी पाणी मुरत असणार. सासूला काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा तिनं ठरवलं नव्हतं. "अहो" म्हणून भागवायची. तिची स्वतःची आई लग्नाच्या आदल्या वर्षीच गेली होती आणि वडील तिला आठवतही नव्हते. भिंगबाईंनी ही माहिती दोघातिघांकडून स्वतंत्रपणे काढून घेतली होती. ती जुळली, त्यामुळे जरा हिरमोडच झाला.

एकदा सूनबाई वाकून कपड्यांची बादली उचलत होती. तिच्या गळ्यातली साखळी बाहेर लोंबली आणि तिच्या टोकाचा मधाच्या रंगाचा खडा उन्हात चमकला. खड्यात एक माशी होती. भिंगबाईंचा हात आपोआप भिंगाकडे गेला.

"बघू," त्या म्हणाल्या.

सूनबाईनं खडा झटकन आत टाकला. "आईचा आहे."

"तिच्याकडे कुठून आला?"

"ती बंदराजवळच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिथे एक पाहुणा आजारी पडला, आईनं त्याला बघितलं. जाताना त्यानं तिला दिला."

"पाहुण्याचं नाव काय?"

"माहीत नाही."

"कुठला होता?"

"माहीत नाही."

"आणि माशी असलेला अंबर तो एका स्वयंपाकिणीला देऊन गेला. उगीचच."

बोलून झाल्यावर भिंगबाईंना वाटलं, शेवटचा शब्द नको होता. पण तो गेला होता. सूनबाई बादली घेऊन गच्चीवर गेली आणि कपडे वाळत घालायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ वरच राहिली.

त्यानंतर भिंगबाईंच्या डोक्यातून तो खडा जाईना. भाजी चिरताना तोच, कपाट आवरताना तोच. खडा खरा असेल तर तो असा कुणी फुकट देत नाही, म्हणजे दिला त्यामागे काहीतरी असणार. खोटा असेल तर आईनं मुलीला फसवलं, नाहीतर मुलगी आम्हाला फसवतेय. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी कुणीतरी खोटं बोलत होतं. कुणीच खोटं बोलत नसेल, ही शक्यता भिंगबाईंच्या हिशेबात कधी नसायचीच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगा बाहेर गेला होता आणि सूनबाई आंघोळीला गेली होती. साखळी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत काढून ठेवली होती. भिंगबाईंनी ती उचलली, भिंग उघडलं आणि खडा उजेडात धरला.

माशी देखणी होती. तिळाएवढं अंग, पुढे सोंडेसारखं लांब तोंड, पाय पोटाशी घेतलेले, एक पंख पसरलेला. इतकी नीट की भिंगबाईंच्या कपाळाला आठी पडली. खऱ्या माश्या तडफडून मरतात, त्यांचे पाय वेडेवाकडे झालेले असतात. मग त्यांना रेघ दिसली. माशीच्या बरोबर खालून खड्यात आरपार गेलेली एक पुसट रेघ.

आता अशी रेघ दोन कारणांनी येते. एक म्हणजे डिंकाची, तुकडा कापून जोडला असेल तर. दुसरी राळेच्या दोन ओघळांमधली, आणि ती तर खऱ्या अंबरात बऱ्याचदा माशीखालीच असते, कारण माशी पहिल्या ओघळावर बसलेली असते. हे भिंगबाईंना माहीत नव्हतं थोडंच. त्यांनी ते कितीजणांना शिकवलं होतं. फरक दिव्याखाली कळतो. पण दिवा तळघरात होता, खडा तिथे न्यायचा तर सूनबाईला विचारावं लागलं असतं, आणि न्हाणीघरात पाणी पडायचा आवाज अजून चालू होता. भिंगबाईंनी शिवणाच्या डब्यातून सुई काढली, चिमट्यात धरून गॅसवर लाल केली आणि त्या रेघेवर टोचली.

उग्र, जळका वास आला. कामावरून आल्यावर सूनबाईच्या कपड्यांना यायचा, जवळजवळ तसाच. भिंगबाईंच्या मनात सगळं एका क्षणात जुळलं. हिनंच केलाय हा खडा, लॅबमध्ये, दातांच्या मसाल्यात. तेवढ्यात खड्यातून बारीक "टक्" असा आवाज झाला. आत एक चंदेरी तडा माशीच्या पसरलेल्या पंखावरून सरकला आणि थांबला. पंख त्याच्याखाली दिसेनासा झाला.

भिंगबाईंनी साखळी होती तिथे ठेवून दिली. त्यांनी स्वतःला समजावलं की खोट्या वस्तूला तडा गेला तर त्यात कसलं पाप.

दुपारी तिघं जेवायला बसली तेव्हा त्या म्हणाल्या, "तो खडा खोटा आहे."

मुलाचा घास हातातच राहिला. सूनबाईनं साखळी बाहेर काढली, खडा खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघितला.

"सुई लावलीत?"

"लावली."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

सूनबाईनं खडा मुठीत मिटला.

"वास आला," भिंगबाई म्हणाल्या. "तुझ्या तिथल्या मसाल्याचा."

"म्हणजे मी केला म्हणताय?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. तो आवाज भिंगबाईंनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सूनबाई ताट तसंच ठेवून उठली. त्या दिवसापासून साखळी तिच्या गळ्यात दिसली नाही.

घरात मग बोलणं राहिलं ते कामापुरतं. चहा झाला, दार लावून घ्या, गॅस संपत आलाय. थोड्या दिवसांनी मुलानं सांगितलं की ते दोघं वेगळी खोली बघतायत. त्यानं खाली मान घालून सांगितलं, म्हणजे हे आधीच ठरलं असणार आणि खड्याचं नुसतं निमित्त झालं, असा भिंगबाईंनी ताबडतोब निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढून झाला आणि मग त्यांना भीती वाटली. दोघं गेली की या घरात त्या एकट्या. साखर तपासायची ती कुणासाठी? संशय घ्यायलासुद्धा समोर माणूस लागतं. त्यांनी मुलाला थांब म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "भाडं किती सांगितलं? त्यात काही खोट नाही ना?"

त्याच आठवड्यात माशीवाले सर तळघराचा जिना धडाधड उतरत खाली आले. हे सर वरच्या मजल्यावर बसायचे. जुन्या माश्यांवर त्यांचा सगळा जन्म गेला होता. शर्टाची बटणं चुकीची लावलेली, पण माशीच्या पायावरचा केस चुकायचा नाही. माणूस इतका सरळ की भिंगबाईंना त्यांच्यावर संशय घ्यायलाही जागा सापडली नव्हती, आणि त्यांनी शोधली नव्हती असं नाही.

"भिंगबाई, हे बघा," म्हणत त्यांनी टेबलावर कागदाची पुडी उलगडली. आत तो खडा होता.

भिंगबाईंनी तो लांबूनच ओळखला.

"एक बाई घेऊन आल्यात, वर बसल्यात," सर म्हणाले. "खरा की खोटा एवढंच विचारतायत. पण ही माशी बघा. हे लांब तोंड आजच्या कुठल्याच माशीला नाही. माझा अंदाज खरा असेल तर ही एका संपलेल्या प्रजातीतली आहे."

"संपलेली जात?" पॉलिशवाल्यानं मान वर केली.

"जात म्हणजे एक घर धरा. प्रजाती म्हणजे अशा घरांची अख्खी भावकी. यांची भावकीच्या भावकी नाहीशी झाली, आडनाव लावायला कुणी उरलं नाही. आजवर सगळ्या जगात एकच नमुना सापडलाय, तो नराचा. नराचे डोळे एकमेकांना भिडलेले असतात. हिच्या डोळ्यांत अंतर आहे. म्हणजे ही मादी. मादी अजून कुणी पाहिलेलीच नाही."

त्यांनी स्वतःच दिवा लावला. खडा निळसर उजळला, इकडून तिकडे एकसारखा. माशीखालची रेघ त्यात कुठे वेगळी उठून दिसली नाही. डिंक नव्हता. ओघळाचीच रेघ होती.

"खरा आहे," भिंगबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"खराच. पण हे बघा ना," सर वैतागून म्हणाले, "कुणा अर्धवटानं यात सुई खुपसलीय. पंखावरच तडा गेलाय. पंखातल्या शिरांवरून प्रजाती ठरते. ही एक शीर कडेजवळ दुभंगलेली दिसली, की संपलं, शंकाच नाही. नेमकी तीच झाकली गेली. दिव्याखाली न बघता सुई लावतात म्हणजे काय?"

"आपल्याकडे असं कुणी करणार नाही," पॉलिशवाला अभिमानानं म्हणाला. "बाई आम्हाला उभं सोलतील."

भिंगबाईंनी खडा हातात घेतला. खड्यावर एक पातळसा थर दिव्याखाली मळकट दिसत होता. त्यांनी नखानं खरवडलं, तर पापुद्रा निघाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि खडा घेऊन त्या जिना चढल्या.

सूनबाई वरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सासूला पाहून ती उठली नाही.

"यावर काय लावलं होतं?" भिंगबाईंनी विचारलं.

"नेलपॉलिश. बिनरंगाचं. आई वर्षातून एकदा लावायची, चमकावं म्हणून. ती गेल्यावर मी लावते."

भिंगबाईंना तेव्हा कुठे उमगलं. तो जळका वास मसाल्याचा नव्हताच. एक बाई आपली एकुलती एक चांगली वस्तू दर वर्षी जपून चमकवत होती, आणि आपण ते खोटेपणाचा पुरावा म्हणून धरून बसलो. पण सवय कुठे जाते? पुढच्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, ही नेमकी इथेच का आली?

"सरांपुढे माझी शोभा करायला आलीस?"

"इथे दिवा आहे म्हणून आले," सूनबाई म्हणाली. "दुसरीकडे कुठे आहे मला माहीत नाही."

"सुई कुणी लावली, सांगितलंस त्यांना?"

"विचारलं त्यांनी. माहीत नाही म्हटलं."

"का?"

सूनबाईनं पर्सची चेन उघडली, मिटली. "तुमची ही नोकरी आहे म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही केलंत ते मला कधीपासून करायचं होतं. आई त्या पाहुण्याचं सांगायची आणि लगेच विषय बदलायची. मला पण ते खरं वाटायचं नाही. लॅबमध्ये काम शिकत होते तेव्हा एकदा मी सुई तापवली होती. धीर झाला नाही. आई खोटी निघाली असती तर?"

घरात आपण एकट्याच संशयी आहोत असं भिंगबाईंना इतके महिने वाटत होतं.

"खरा आहे खडा," त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत म्हणाल्या. "दिव्याखाली बघितला."

सूनबाईनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले.

सरांनी वर येऊन पुढचं समजावलं. पंख वरून दिसत नव्हता, पण खड्याची खालची बाजू घासून पातळ केली तर खालून दिसला असता. धोका असा की घासताना तडा वाढला तर माशीचेच दोन तुकडे. शिवाय खड्याचा निम्मा भाग भुकटी होऊन जाणार, गळ्यात घालण्याजोगा तो राहणार नाही. "आणि घासणार भिंगबाई," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. पण खडा तुमचा आहे. नको म्हणालात तर विषय संपला."

सूनबाईनं सासूकडे पाहिलं. "तुम्ही घासणार?"

"नाही म्हण," भिंगबाई म्हणाल्या. "खरा आहे एवढं कळलं तुला. ने घरी."

"खरा आहे हे तुम्हाला कळलं. मला पंख बघायचाय." ती सरांकडे वळली. "आधी तडा भरून घ्यावा लागेल. दात चिरला की आम्ही एक पातळ राळ भरतो, उजेड दाखवला की घट्ट होते. मी घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती रजा काढून आली. जन्मभर भरलेले तडे हुडकून काढणाऱ्या भिंगबाईंनी खडा बोटांत धरला, आणि सूनबाईनं केसासारख्या नळीतून तड्यात राळ सोडली. थेंब आत सरकल्यावर तिनं उजेड दाखवून तो घट्ट केला. मग भिंगबाईंनी ओल्या पॉलिशच्या कागदावर खडा घासायला घेतला. चार हात फिरवायचे, धुवायचा, भिंगाखाली बघायचा, पुन्हा फिरवायचे. जुन्या राळेचा वास सुटला, जंगलात पाऊस पडून गेल्यावर येतो तसा.

"डावीकडे जास्त जातंय," सूनबाई म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"जातंय. बघा."

भिंगबाईंनी बघितलं. डावीकडे खरंच किंचित जास्त गेलं होतं. त्यांनी खडा फिरवून धरला. पॉलिशवाला आपलं काम सोडून हे बघत होता, कारण बाईंना सुधारलेलं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

"खोली ठरली का?" थोड्या वेळानं मान वर न करता भिंगबाईंनी विचारलं.

"ठरतेय."

कागदावर पाणी ओतायला भिंगबाईंना जरा जास्तच वेळ लागला.

"रविवारी परत बघायला जातोय," सूनबाई म्हणाली. "तुम्हीही चला. मालक म्हणतो भिंतीला ओल नाही. तुम्हाला बघितल्याबरोबर कळेल."

ही मला कशाला बोलावतेय, असं भिंगबाईंच्या मनात आलंच. पण ओल लपवायला मालक लोक ताजा रंग मारतात, हेही त्याच दमात आलं, आणि त्या म्हणाल्या, "भिंतीला हात लावून बघावं लागेल. कपाटामागे."

खडा काचेच्या तुकड्याइतका पातळ झाला तेव्हा भिंगबाईंनी हात थांबवला. आणखी एक हात फिरवला असता तर पाय गेला असता. सरांनी तो मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि डोळा लावला. भिंगबाईंनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"दुभंगलीय," सर शेवटी म्हणाले. "कडेजवळ. अगदी हवी तिथे."

त्यांनी सूनबाईला बघू दिलं. आत पंख उघडा पडला होता, शिरांसकट, आणि त्यातली एक शीर कडेजवळ फांदीसारखी दोन झाली होती. अख्ख्या भावकीतली ही एकच बाई, आणि ती एका स्वयंपाकिणीच्या गळ्यात वर्षानुवर्षं भाज्या चिरताना, भांडी घासताना लोंबत होती.

"हा इथे ठेवाल का?" सरांनी सूनबाईला भीत भीत विचारलं. "जगाला बघायला मिळेल."

सूनबाईनं विचार केला. "ठेवा. घालता तर येणार नाही आता. आणि इथे यांच्या नजरेखाली राहील," तिनं हनुवटीनं सासूकडे दाखवलं. "यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

हे कौतुक की टोमणा, ते भिंगबाईंना ठरवता येईना. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

सरांनी पेन काढलं. "नोंद करायला हवी. हा सुईचा डाग कुणी केला, ते माहीत नाही म्हणालात ना?"

"मी केला," भिंगबाई म्हणाल्या. "दिवा न लावता."

पॉलिशवाल्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. सरांनी तोंड उघडलं, दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि तो विषय गिळला.

"बरं. खडा आला कुठून?"

सूनबाई बोलायला लागली आणि अडखळली. मायक्रोस्कोपनं माशी खरी ठरवली होती, पण पाहुण्याचं काय, ते त्यात कुठे दिसणार होतं? तिनं खाली बघितलं. तेव्हा भिंगबाईच पुढे झाल्या.

"हिची आई बंदराजवळच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिथे एक पाहुणा आजारी पडला, तिनं त्याला बघितलं. जाताना त्यानं तिला दिला."

"पाहुण्याचं नाव?"

"माहीत नाही."

"कुठला होता?"

"माहीत नाही."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. भिंगबाईंना ते पुरते ओळखून होते. "मग त्यानंच दिला, हे कशावरून?"

"हिच्या आईनं सांगितलंय," भिंगबाई म्हणाल्या. "तसंच लिहा."